हेक्सचं लोन: दर पगाराला पैसे कापले जातात, मग आकडा वाढतो कसा?

२०२३ चा जून, मेलबर्नला थंडी पडायला लागलेली, भाची शनिवारी जेवायला आली होती आणि जेवण झाल्यावर ताट बाजूला सरकवून तिथेच टेबलावर फोन उघडून म्हणाली, मावशी हे बघ ना जरा, मला वाटतं यांची काहीतरी चूक झालीय. मायगव्ह म्हणजे इथलं सरकारी पोर्टल उघडलेलं, त्यात एटीओ म्हणजे इथलं टॅक्स ऑफिस, आणि त्याच्या आत तिच्या युनिव्हर्सिटीच्या लोनचा, म्हणजे हेक्सचा, हिशोब. मे संपेपर्यंत ५०,००० डॉलर होते. १ जूनला एक ओळ वाढलेली, इंडेक्सेशन, ३,५५० डॉलर. झाले ५३,५५०. आणि ही पोरगी वर्षभर दर पगाराला त्याच लोनसाठी पैसे कापून देत होती, पेस्लिपवर दिसत होतं.

चूक कुणाचीच नव्हती, नियमच तसा होता. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या तीस लाखांवर लोकांच्या खात्यात हीच ओळ आली, आणि त्यातले कितीतरी जण पंचविशी-तिशीतले, भाड्याने राहणारे, पहिल्या-दुसऱ्या नोकरीतले. तेव्हापासून मी या विषयाचा पिच्छा पुरवतेय, कारण आपल्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात आता कुणीतरी बारावीत आहे किंवा युनिव्हर्सिटीत आहे आणि आईवडिलांना हे प्रकरण नीट माहीत नाही. पोरांनाही नाही, ती सतराव्या वर्षी फॉर्म भरतात आणि विसरून जातात.

आपल्याला हे समजायला जड जातं कारण आपल्या डोक्यात एज्युकेशन लोन म्हटलं की बँक, जामीनदार, घराची कागदपत्रं, शिक्षण संपलं की ईएमआय, नोकरी लागो न लागो. हेक्स तसं नाहीये. (सरकारी कागदावर २००५ पासून त्याला हेल्प म्हणतात, हेक्स-हेल्प हा त्यातलाच एक प्रकार, पण पोरं हेक्सच म्हणतात म्हणून मीही तेच म्हणते.) फीचा विद्यार्थ्याच्या वाट्याचा भाग सरकार परस्पर युनिव्हर्सिटीला देतं, तो तुमच्या नावावर टॅक्स ऑफिसमध्ये मांडला जातो, आणि तुमची कमाई एका ठराविक आकड्याच्या वर गेली तरच पगारातून वसुली सुरू होते. नोकरी गेली, बाळंतपणासाठी घरी बसलात, आजारी पडलात, कमाई खाली आली की वसुली आपोआप थांबते. कुणी फोन करून तगादा लावत नाही, घर जप्त होत नाही. माणूस गेला तर उरलेलं लोन त्याच्याबरोबर संपतं, आईवडिलांच्या दारात कुणी येत नाही. कर्ज म्हणून बघितलं तर जगात इतकं सोसून घेणारं कर्ज फार कमी ठिकाणी मिळेल, आणि हे मी मनापासून म्हणते, पुढे कितीही तक्रारी केल्या तरी.

ही कल्पना कुठून आली तेही थोडं सांगते. १९७४ मध्ये गॉफ व्हिटलम पंतप्रधान असताना इथे युनिव्हर्सिटीची फी रद्द झाली. पुढची जवळजवळ पंधरा वर्षं फुकट शिक्षण होतं, आत्ताचे पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांनी सिडनी युनिव्हर्सिटीतलं शिक्षण त्याच काळात घेतलंय. मग शिकणाऱ्यांची संख्या वाढत गेली, सरकारला खर्च झेपेना, आणि एक प्रश्नही विचारला जाऊ लागला की जे कधी युनिव्हर्सिटीत गेलेच नाहीत त्यांच्या टॅक्समधून डॉक्टर-वकिलांचं शिक्षण का? तेव्हा ब्रूस चॅपमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने ही योजना मांडली, शिकताना काही देऊ नका, कमवायला लागलात की द्या. बॉब हॉक यांचं सरकार आणि जॉन डॉकिन्स शिक्षणमंत्री असताना १९८९ पासून ती लागू झाली. तेव्हा कुठलाही कोर्स घ्या, वर्षाला १,८०० डॉलर, सगळ्यांना सारखे. पुढे हॉवर्ड सरकारने कोर्सप्रमाणे तीन वेगवेगळे दर केले आणि तिथून ते वाढतच गेले. पण मूळ कल्पना इतकी चांगली होती की इंग्लंडसारख्या देशानेही नंतर तसंच काहीतरी केलं.

आता इंडेक्सेशनकडे येऊ. सगळी गोम तिथे आहे.

हेक्सला व्याज नाही असं सगळे सांगतात, शाळेतल्या करिअर टीचरपासून युनिव्हर्सिटीच्या स्टॉलवरच्या पोरांपर्यंत. ते शब्दशः खरंय. पण दर वर्षी १ जूनला, ११ महिन्यांपेक्षा जुन्या झालेल्या लोनच्या रकमेवर, महागाईच्या दराने वाढ होते. कारण असं की आज घेतलेले १०० डॉलर आणि दहा वर्षांनी परत केलेले १०० डॉलर यांची किंमत सारखी नसते, सरकारला निदान मूळ किंमत तरी परत मिळावी. पटण्यासारखं आहे. अनेक वर्षं महागाई दोन टक्क्यांच्या आसपास राहिली, २०२१ मध्ये तर इंडेक्सेशन फक्त ०.६ टक्के होतं, त्यामुळे कुणाचं लक्षच गेलं नाही. मग कोविडनंतर महागाई भडकली, २०२२ ला ३.९ टक्के, २०२३ ला एकदम ७.१ टक्के. घरभाडं वाढलेलं, पेट्रोल वाढलेलं, भाजी वाढलेली, पगार मात्र त्या मानाने जागच्या जागी, आणि जी महागाई पोरांचा खिसा रिकामा करत होती तीच महागाई त्यांच्या लोनवरही चढली. एकाच गोष्टीचा मार दोन बाजूंनी.

भाचीचा हिशोब मी त्या दिवशी वाणसामानाच्या यादीच्या मागे मांडला होता, तो असा. तिचा पगार वर्षाला ६२,००० डॉलर, त्या पगारावर तेव्हाच्या नियमाने अडीच टक्के वसुली, म्हणजे १,५५०. लोन वाढलं ३,५५० ने, तिने फेडलं १,५५०. म्हणजे वर्षभर इमानेइतबारे पैसे देऊन वर्षाच्या शेवटी लोन २,००० डॉलरने जास्तच. ती गप्प बसून बघत होती. मग म्हणाली, मग मी वर्षभर भरलं ते काय होतं?

आणि यात अजून एक गोष्ट आहे जी मला आजही पटत नाही. कंपनी दर पगारातून हेक्सचे पैसे कापते ना, ते टॅक्सबरोबर एटीओकडे जातात, पण तुमच्या लोनच्या खात्यात ते त्या दिवशी जमा होत नाहीत. आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, मग तुम्ही टॅक्स रिटर्न भरता, जुलैत म्हणा ऑगस्टमध्ये म्हणा, त्याची छाननी होते आणि मग तो वर्षभराचा पैसा लोनमधून वजा होतो. इंडेक्सेशन मात्र १ जूनलाच होऊन गेलेलं असतं, कापलेले पैसे जमेस न धरता, पूर्ण रकमेवर. गेल्या जुलैत कापलेला पैसा अकरा महिने सरकारकडेच आहे आणि तरी त्या पैशावर वाढ लागते. गृहकर्जाचा हप्ता बँकेने असा वर्षभर हातात ठेवून आधी व्याज लावलं आणि मग जमा केला तर आपण दुसऱ्या दिवशी बँकेच्या दारात उभे राहू. सरकारनेच नेमलेल्या युनिव्हर्सिटीज अकॉर्ड समितीने, मेरी ओ'केन तिच्या अध्यक्षा, २०२४ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला त्यातही ही तारखांची गडबड दुरुस्त करा असं सांगितलंय.

तो ७.१ चा दणका बसल्यावर ओरड झाली आणि खरोखर झाली, पोरांनी खासदारांना पत्रं लिहिली, पिटिशनवर सह्या केल्या, निवडणुकीत हा मुद्दा महाग पडेल हे सरकारला कळलं. मग दोन गोष्टी झाल्या, लोक त्या दोन्हींची सरमिसळ करतात म्हणून वेगवेगळ्या सांगते.

पहिली, २०२४ च्या शेवटी कायदा बदलला. आता इंडेक्सेशन महागाईच्या दराने किंवा पगारवाढीच्या दराने, दोन्हीतलं जे कमी असेल त्याने लागतं. आणि हे मागच्या तारखेपासून लागू केलं, म्हणजे २०२३ चे ७.१ टक्के उतरून ३.२ झाले, २०२४ चे ४.७ उतरून ४ झाले, फरक लोकांच्या खात्यात परत आला. भाचीला २०२३ चेच १,९५० डॉलर परत मिळाले. मला यातला तत्त्वाचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, की लोन कधीही लोकांच्या पगारापेक्षा जोरात पळणार नाही. हे पहिल्यापासूनच असायला हवं होतं, कारण योजनेचा पायाच मुळी कमाईवर आहे.

दुसरी म्हणजे ती गाजलेली २० टक्के सूट. मे २०२५ च्या निवडणुकीआधी लेबर पक्षाने वचन दिलं, निवडून आले, आणि शिक्षणमंत्री जेसन क्लेअर यांनी नव्या संसदेतलं पहिलंच विधेयक हे आणलं, जुलैच्या शेवटी मंजूर झालं. १ जून २०२५ ला ज्याचं जेवढं लोन होतं त्यातले २० टक्के माफ, आणि ते त्या दिवशीचं इंडेक्सेशन लागायच्या आधीच्या रकमेवर. अर्ज नाही, फॉर्म नाही, एटीओने आपलं आपण केलं. सरकारी आकड्याप्रमाणे ३० लाख लोकांचे मिळून १,६०० कोटी डॉलर, सरासरी लोन २७,६०० धरलं तर माणशी साडेपाच हजार. भाचीचे दहा हजारांच्या वर गेले, तिने मला ऑफिसमधूनच फोन केला होता, आणि आवाजात काय फरक होता म्हणून सांगू.

पण ज्यांनी पोटाला चिमटा काढून एप्रिल-मेमध्ये आपलं लोन पूर्ण फेडून टाकलं त्यांना काही मिळालं नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने घर घ्यायचं म्हणून मे महिन्यात साठवलेले सगळे पैसे टाकून हेक्स संपवलं होतं, त्याच्या आईला अजून त्याची हळहळ आहे. आणि ज्यांनी २०२६ मध्ये पहिल्या वर्षात प्रवेश घेतला त्यांना तर त्या सवलतीचा काहीच उपयोग नाही, त्यांचं लोन पूर्ण दराने, शून्यापासून सुरू झालंय. झालं गेलं त्याची दुरुस्ती केली, पुढच्या पोरांची फी होती तिथेच आहे. माझं सगळ्यात मोठं दुखणं इथे आहे, त्याकडे येतेच, आधी वसुलीच्या नव्या पद्धतीबद्दल सांगून टाकते.

जुनी पद्धत अशी की २०२४-२५ मध्ये कमाई ५४,४३५ डॉलरच्या पुढे गेली की एक टक्का वसुली, आणि तो टक्का सगळ्या कमाईवर. जसजशी कमाई वाढेल तसतसा टक्का चढत १० पर्यंत जायचा. त्यामुळे पगार थोडासा वाढून पुढच्या पायरीवर गेला की हातात येणारा पैसा कमी व्हायचा. भाचीने एकदा त्याच कारणासाठी जास्तीची शिफ्ट नाकारली होती. २०२५-२६ पासून मर्यादा ६७,००० केली, आणि वसुली फक्त त्याच्या वरच्या पैशावर, डॉलरमागे १५ सेंट. १,२५,००० च्या पुढे डॉलरमागे १७ सेंट, आणि अगदी मोठ्या पगारांना पूर्ण कमाईच्या १० टक्के. २०२५-२६ ला ७०,००० पगार असेल तर वरचे ३,००० गुणिले १५ सेंट म्हणजे वर्षाला ४५० डॉलर. आधी याच पगाराला १,७५० जायचे. महिन्याला शंभरावर डॉलर हातात राहतात, मेलबर्न-सिडनीत भाड्याने राहणाऱ्याला याची किंमत विचारा.

फक्त याची दुसरी बाजूही बघा, ती कुणी जाहिरातीत सांगत नाही. समजा २० टक्के माफ होऊन लोन ४०,००० उरलंय. २०२५ चं इंडेक्सेशन ३.२ टक्के होतं, त्या दराने वर्षाला १,२८० वाढतात. तुमची वसुली ४५०. म्हणजे लोन परत वाढायलाच लागलं. पगार पटापट वाढणार असेल तर हरकत नाही, काही वर्षांत मागे पडलेलं भरून निघेल. पण शिक्षक, सोशल वर्कर, बालवाडीत काम करणाऱ्या मुली, मधे मुलांसाठी चार-पाच वर्षं अर्धवेळ काम करणाऱ्या बायका, यांचं लोन वर्षानुवर्षं रेंगाळत राहतं. म्हणून वसुली कमी झाली या आनंदात असलेल्या प्रत्येक पोराला मी एकदा तरी हा गुणाकार करायला लावते.

आता फी. २०२० मध्ये मॉरिसन सरकारने जॉब-रेडी ग्रॅज्युएट्स नावाचं पॅकेज आणलं, २०२१ पासून नवीन प्रवेश घेणाऱ्यांना लागू. सरकारचं म्हणणं होतं की ज्या क्षेत्रात नोकऱ्या आहेत तिकडे पोरांनी जावं, म्हणून नर्सिंग, टीचिंग, गणित, शेती यांची फी खाली आणली, वर्षाला ३,९५० डॉलर. आणि इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा, कॉमर्स यांची वर, १४,५०० डॉलर. इतिहासासारख्या विषयांना आदल्या वर्षी ६,८०४ पडायचे, म्हणजे एका फटक्यात ११३ टक्के वाढ. मेडिसिनची फी किती ठेवली माहितीये? ११,३००. म्हणजे पुढे डॉक्टर होऊन लाखो कमावणाऱ्या मुलापेक्षा इतिहास शिकणाऱ्या मुलीने वर्षाला जास्त पैसे द्यायचे. आणि त्या १४,५०० वाल्या विषयांमध्ये सरकारने स्वतःच्या वाट्याचे ठेवले फक्त १,१००. जवळजवळ सगळा भार विद्यार्थ्यावर. हे आकडे दर वर्षी वाढतात, २०२५ मध्ये वरचा दर १६,९९२ झाला, तीन वर्षांची साधी बीए ५०,००० च्या वर गेली.

फी डिग्रीची नसते, युनिटची म्हणजे एकेका विषयाची असते, हे बऱ्याच आईवडिलांना माहीत नसतं. वर्षाला साधारण आठ युनिट. २०२५ च्या दराने इतिहासाचं एक युनिट २,१२४ डॉलर आणि परदेशी भाषेचं किंवा इंग्लिशचं युनिट ५७८ च्या आसपास, कारण भाषा आणि इंग्लिश स्वस्त गटात टाकलेत. एकाच मुलाच्या एकाच सेमिस्टरला, एकाच बिल्डिंगमधल्या दोन वर्गांच्या फीत जवळजवळ चौपट फरक. आर्ट्स घेतलं म्हणून सगळंच महाग असं नसतं, कुठली युनिट्स घेताय त्यावर आहे.

पोरांनी फी बघून कोर्स बदलले का? अकॉर्ड समितीने तपासलं, फारसे नाही. साहजिकच आहे हो, सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला खिशातून काहीच द्यायचं नाहीये, सगळं पुढे ढकललंय, तर तो आवडेल तेच घेणार. ज्याला इतिहासच शिकायचाय तो स्वस्त पडतं म्हणून नर्स होत नाही, आणि त्याने व्हावं असं मला तरी वाटत नाही, पेशंटच्या दृष्टीनेही. हेक्सचं चांगलंपणच इथे उलटलं, पुढे ढकलता येतं म्हणून किंमत कळत नाही, आणि किंमत कळत नाही म्हणून ती एवढी वाढवता आली. ज्या चॅपमन यांनी ही योजना जन्माला घातली त्यांनीही या दरांवर टीका केलीय, त्यांचं म्हणणं असं की फीचं नातं पुढच्या कमाईशी असावं. अकॉर्ड अहवालानेही हे दर बदला म्हणून स्पष्ट सांगितलं. २० टक्के माफीचं विधेयक पहिलं आलं आणि फीचं मागे राहिलं, कारण माफीने एका दिवसात आकडा खाली आलेला दिसतो. मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

तरुण पोरं एक तुलना नेहमी करतात, समुद्रातून तेल आणि गॅस काढणाऱ्या कंपन्यांकडून सरकार जो खास कर घेतं, त्यापेक्षा जास्त पैसा हेक्सच्या वसुलीतून येतो. भाचीच्या फ्रिजवर त्याचं स्टिकर आहे. आधी मला वाटलं घोषणा असेल, पण ते खरंय, आणि हे एकदा कळलं की ही पोरं चिडलेली का आहेत ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

प्लेसमेंटबद्दल, म्हणजे कोर्सचाच भाग म्हणून करायच्या प्रत्यक्ष कामाबद्दल, दोन शब्द, कारण नर्सिंग-टीचिंग स्वस्त म्हणून तिकडे ढकलताना हे कुणी सांगत नाही. नर्सिंगला ८०० तास, सोशल वर्कला १,००० तास प्लेसमेंट करावी लागते आणि त्याचा पगार नसतो. आमच्या शेजारची मुलगी सोशल वर्कच्या प्लेसमेंटला दिवसभर जायची आणि संध्याकाळी सहा ते अकरा सुपरमार्केटमध्ये कपाटं भरायची, तीन महिने डोळ्याखाली काळं घेऊन फिरत होती. जुलै २०२५ पासून टीचिंग, नर्सिंग, मिडवाइफरी आणि सोशल वर्कच्या मुलांना प्लेसमेंटच्या काळात आठवड्याला सव्वातीनशे डॉलरच्या आसपास मिळायला लागलेत, पण उत्पन्नाची अट आहे, सगळ्यांना मिळत नाही, आणि फिजिओथेरपीसारख्या कोर्सची मुलं त्यात नाहीतच.

आता खास आपल्या लोकांसाठी, कारण यात फार घरं फसतात. हेक्स-हेल्प मुख्यतः नागरिकांना मिळतं. पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, असेल तर मुलाला सरकारी अनुदानाची सीट मिळते, म्हणजे फी वर सांगितलेल्या दरानेच, पण लोन मिळत नाही, प्रत्येक सेमिस्टरची फी आधी रोख भरावी लागते. नर्सिंगला ते झेपतं एकवेळ. कायदा किंवा कॉमर्सची चार युनिट घेतली तर एका सेमिस्टरला साडेआठ हजार डॉलर रोख. आणि स्टुडंट व्हिसावर असेल तर सीटही नाही, पूर्ण आंतरराष्ट्रीय फी. आपल्याकडे कितीतरी लोक भारतीय पासपोर्ट सोडवत नाही म्हणून पीआरवरच थांबतात, तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि मला त्यातली ओढ समजते, पण मूल नववी-दहावीत असतानाच याचा विचार करा. नागरिकत्वाला चार वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यातलं शेवटचं एक वर्ष पीआरवर, मग अर्ज, टेस्ट, सेरेमनीची वाट बघणं. एका कुटुंबात मुलीचा प्रवेश फेब्रुवारीत आणि सेरेमनी एप्रिलमध्ये, पहिल्या सेमिस्टरचे सगळे पैसे त्यांनी रोख भरले, क्रेडिट कार्डावर.

त्यांचे पैसे ज्या तारखेमुळे गेले ती म्हणजे सेन्सस डेट. जनगणनेशी हिचा काही संबंध नाही. प्रत्येक सेमिस्टरला एक तारीख असते, पहिल्या सेमिस्टरला बऱ्याच ठिकाणी ३१ मार्च. त्या दिवसापर्यंत युनिट सोडलं तर एक डॉलरही लागत नाही. दुसऱ्या दिवशी सोडलं तर पूर्ण फी लोनमध्ये लागते, नापास झालात तरी, वर्गात एकदाही गेला नाहीत तरी. नागरिकत्व आणि टॅक्स फाइल नंबर हेही त्या तारखेपर्यंत हातात असावे लागतात. पहिल्या वर्षाची मुलं कोर्स आवडत नाही म्हणून एप्रिलमध्ये जायचंच बंद करतात, रीतसर विथड्रॉ करत नाहीत, आणि वर्षाअखेरीला नापासाचा शिक्का आणि आठ हजारांचं लोन दोन्ही पदरात.

नोकरी लागल्यावर टॅक्सच्या फॉर्मवर स्टुडंट लोन आहे का असा प्रश्न असतो, तिथे हो म्हणा. नाही म्हटलं तर पगार जास्त दिसतो पण ऑगस्टमध्ये एटीओचं एकगठ्ठा बिल येतं. दोन नोकऱ्या असतील तर वसुली दोन्हींच्या बेरजेवर होते, पण प्रत्येक मालक आपलाच पगार बघून कापतो, म्हणजे तेव्हाही थोडे बाजूला टाकत जा. परदेशात गेलात, अगदी पुण्याला परत आलात, तरी २०१७ पासून जगभरची कमाई कळवून वसुली द्यावी लागते.

आणि सगळे विचारतात तो प्रश्न, पैसे असतील तर आधीच फेडून टाकायचं का. आपला स्वभाव असा की कर्ज म्हटलं की झोप येत नाही. पण गृहकर्जाचं व्याज इंडेक्सेशनपेक्षा बरंच जास्त असतं, क्रेडिट कार्डचं तर विचारूच नका, तर आधी ते. हेक्स हे सगळ्यात शेवटी फेडायचं कर्ज आहे असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. अगदी थोडंच उरलं असेल आणि घरासाठी लोन घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी, कारण बँक तुमची कमाई मोजताना हेक्सची वसुली वजा धरते, आणि ती संपली की जास्त लोन बसतं. फेडायचंच असेल तर मे महिन्यात, १ जूनच्या आठ-दहा दिवस तरी आधी भरा, पैसे जमा व्हायला मधे कामाचे दिवस जातात.

गेल्या उन्हाळ्यात भाचीचा धाकटा भाऊ फॉर्म भरायला आमच्याकडे बसला होता. त्याला इतिहास घ्यायचाय, पहिल्यापासून, आजोबांबरोबर रायगड चढल्यापासून. माझी बहीण म्हणत होती अरे डेटा सायन्स घे, वीस हजार वाचतील. भाची मधे पडली, म्हणाली आई, त्याला घेऊ दे, फक्त आधी हिशोब बघू दे. मग दोघांनी मिळून हँडबुक उघडलं, आठ युनिटांच्या समोर आठ आकडे लिहिले, त्यात दोन फ्रेंचची आली, बेरीज चौदा हजारांच्या खाली उतरली. त्याने कागद बराच वेळ हातात धरला होता. तीन वर्षांचे किती, वसुली सुरू व्हायला पगार किती, चाळीस हजारांवर तीन टक्के म्हणजे किती, सगळं त्याने स्वतः मांडलं. मग म्हणाला, ठीक आहे, घेतो. स्वयंपाकघरात कालनिर्णय लावलेलं असतं, त्याने पेन घेऊन मार्चचं पान उलटलं आणि ३१ तारखेला गोल केला, आणि बाजूला सेन्सस असं मराठीत लिहिलं.